सातबारा नाही, खसरा: इंदूरला घर घेताना आणि बांधताना कानावर पडणारे शब्द

आम्ही घर बघायला लागलो तेव्हा पुण्याचा माझा मामेभाऊ फोनवर रोज एकच विचारायचा, ताई सातबारा बघितलास का. आता इंदूरला सातबारा कुठून आणू मी, इथे तो प्रकारच नाही. आणि नेटवर मराठीत घराबद्दल जे काही सापडतं ते सगळं महाराष्ट्राचं, फेरफार, एनए, इंडेक्स टू, रेडी रेकनर, तलाठी... ते पाठ करून आपण तहसीलला जाऊन उभं राहिलो की पटवारी, म्हणजे इथला तलाठी, बोलतो खसरा, बी-१, डायवर्शन, नामांतरण, आणि आपण मान हलवून घरी येतो. रामबागेतल्या वाड्यात तीन पिढ्या राहिलो, घरात मराठी, बाहेर हिंदी, पण ही तिसरीच भाषा निघाली.

आम्ही आधी फ्लॅट घेतला, काही वर्षांनी तो विकून राऊच्या बाजूला तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर घर बांधलं, दोन्ही मिळून माझी एक दोनशे पानी वही भरली. त्यातलंच लिहितेय. माझी पद्धत अगदी साधी आहे, कोणी नवा शब्द फेकला की एक प्रश्न विचारायचा. शब्द जमिनीचा असेल तर "ह्याचा कागद कोण देतं?" आणि शब्द फुटाचा असेल तर "हे कुठून कुठपर्यंत मोजता?" समोरच्याला नीट उत्तर देता आलं नाही तर त्या दिवशी पैसे द्यायचे नाहीत, बस.

जमिनीचे शब्द

खसरा म्हणजे जमिनीच्या एका तुकड्याचा नंबर आणि त्याची सरकारी नोंद, मालक कोण, रकबा म्हणजे क्षेत्रफळ किती, त्यावर काय आहे. बी-१ म्हणजे एका खातेदाराच्या नावावर त्या गावात जेवढे खसरे आहेत त्यांची एकत्र यादी, खतौनी म्हणतात ती. सातबाऱ्यात जे एका कागदावर दिसतं ते इथे ह्या दोन कागदांत मिळून बघायचं. दोन्ही एमपी भूलेखच्या साइटवर घरबसल्या दिसतात, नकाशासकट. रकबा हेक्टरात लिहिलेला असतो आणि आपल्याला समजतं फुटात, तर ०.१०० हेक्टर म्हणजे १००० चौरस मीटर म्हणजे १०,७६४ चौरस फूट, एवढं एक लक्षात ठेवलं की बाकीचं गुणाकाराने निघतं. एक एकर ४३,५६० चौरस फुटांचा. बिघ्यावर मात्र जाऊ नका, बिघा गावागावात बदलतो, विकणारा "एक बिघा" म्हणाला तर हेक्टर विचारा.

सीमांकन म्हणजे सरकारी मोजणी, कागदावरचा तुकडा प्रत्यक्ष जमिनीवर कुठून कुठे आहे ते पटवारी आणि आरआय (महसूल निरीक्षक) येऊन दाखवतात. सुटी जमीन घेत असाल तर हे सोडू नका, शेजाऱ्याचं कुंपण तुमच्या जमिनीत चार फूट आलेलं असतं आणि कोणालाच माहीत नसतं.

डायवर्शन म्हणजे महाराष्ट्रात ज्याला एनए म्हणतात ते. शेतीची जमीन घरासाठी किंवा दुकानासाठी वापरायची तर तशी नोंद करावी लागते, मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ च्या कलम ५९ मध्ये हे आहे. पूर्वी एसडीएमच्या, म्हणजे प्रांताच्या, ऑफिसात खेटे घालायला लागायचे, २०१८ च्या दुरुस्तीनंतर मास्टर प्लॅनला धरून असेल तर आपणच हिशोब करून पैसे भरायचे आणि सूचना द्यायची असं झालं. डायवर्शननंतर दरवर्षी एक छोटा कर लागतो आणि लोक तो भरतच नाहीत, मग नवीन मालकाच्या गळ्यात येतो, तेव्हा भरलेल्या पावत्या मागून घ्या.

आता सगळ्यात जास्त लोक फसतात ती जागा. एजंट म्हणतो "डायवर्टेड है भिया, चिंता मत करो" आणि आपल्याला वाटतं झालं. डायवर्शन म्हणजे जमिनीचा वापर बदलला इतकंच, कॉलनी मंजूर झाली असं नाही. कॉलनीसाठी टीएनसीपीचा मंजूर लेआउट पाहिजे, टीएनसीपी म्हणजे नगर तथा ग्राम निवेश खातं, रस्ता किती रुंद, बगीचा कुठे, तुमचा प्लॉट नंबर किती मापाचा हे सगळं त्या नकाशात असतं. मग विकास अनुमती, म्हणजे रस्ते, ड्रेनेज, लाईट टाकायची परवानगी. आणि मग रेरा नंबर, रेरा म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था. हे चार वेगवेगळे कागद आहेत, चार वेगळ्या ठिकाणांहून येतात, एक दाखवून बाकीचे झाकता येतात. आम्ही खंडवा रोडला एक प्लॉट बघितला होता, गेट भारी, कारंजं चालू, ऑफिसात एसी, आणि नकाशा मागितला तर रंगीत ब्रोशर दिलं. ब्रोशर म्हणजे नकाशा नाही. मंजूर नकाशावर शिक्का, तारीख, आणि खसऱ्याचे नंबर असतात, ते नंबर भूलेखवरच्या नंबरांशी जुळवून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे.

डायरी हा शब्द पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगितला तर हसतात. इंदूरला कॉलनी मंजूर व्हायच्या आधीच प्लॉट विकायची एक पद्धत आहे, डायरीच्या पानावर किंवा साध्या चिठ्ठीवर लिहून देतात की अमुक प्लॉट अमुक रेट एवढे आले, त्याला म्हणतात डायरीवर सौदा. रेट कमी असतो म्हणून माणूस भुलतो. ह्याचा कागद कोण देतं? विकणाराच देतो, आणि त्याच्याशिवाय कोणी ओळखत नाही त्याला. डायरी हातोहात विकली पण जाते, तिसऱ्या चौथ्या माणसाकडे पोचते तोवर पहिला फोन उचलत नाही. रेरा कायदा २०१६ चा आहे, ५०० चौरस मीटरच्या वरची किंवा आठपेक्षा जास्त युनिटची स्कीम रेरात नोंदवल्याशिवाय जाहिरात पण करता येत नाही आणि बुकिंग पण घेता येत नाही, त्यामुळे डायरी म्हणजे सरळ सरळ बेकायदा.

बंधक प्लॉट म्हणजे कॉलनीतले काही प्लॉट कॉलनायझरला विकासाची कामं पुरी होईपर्यंत गहाण ठेवावे लागतात, साधारण चौथा हिस्सा. काम झालं की सुटतात. तुम्हाला जो दाखवताहेत तो बंधक यादीत तर नाही ना हे विचारा, फार कमी लोक विचारतात.

लीज आणि फ्रीहोल्ड. इंदूर विकास प्राधिकरणाच्या स्कीममधले, म्हणजे स्कीम ५४, ७४, ७८ वगैरे आपण बोलतो ना, तिथे बरेच प्लॉट लीजचे असतात, जमीन प्राधिकरणाची आणि तुम्हाला वर्षांच्या कराराने वापरायला, दरवर्षी लीज रेंट भरायचं आणि विकताना एनओसी घ्यायची. फ्रीहोल्ड म्हणजे जमीन पूर्ण तुमची. लीजचं घर वाईट असतं असं अजिबात नाही, फक्त तीन गोष्टी बघायच्या, मुदत कधी संपते, लीज रेंट थकलंय का, आणि घराच्या परवानगीत दुकान तर नाही ना काढलेलं, कारण अटी मोडल्याची नोटीस घराबरोबर तुमच्याकडेच येते. नजूल म्हणजे शहरातली सरकारी मालकीची जमीन, जुन्या इंदूरात घर घेताना हा शब्द निघाला की वकिलाशिवाय पुढे जाऊ नका, मी पण नाही गेले.

कागदांचे शब्द

बयाना म्हणजे विसार. अनुबंध म्हणजे अॅग्रीमेंट टू सेल, "पुढे विकीन" असा करार. रजिस्ट्री म्हणजे विक्रीपत्र नोंदवणं, "विकलं" असं. "पुढे विकीन" आणि "विकलं" ह्यात जमीन अस्मानाचा फरक आहे. नोटरीचा करार आणि पॉवर ऑफ अॅटर्नी हातात घेऊन लोक वर्षानुवर्षं राहतात आणि स्वतःला मालक समजतात, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सांगून टाकलंय की पॉवर आणि कराराने मालकी येत नाही, नोंदवलेलं विक्रीपत्रच लागतं.

गाइडलाइन म्हणजे रेडी रेकनरच, सरकार दर ठरवतं की ह्या मोहल्ल्यात ह्यापेक्षा कमी किंमत धरणार नाही. स्टॅम्प ड्यूटी सौद्याची किंमत आणि गाइडलाइन ह्यातलं जे जास्त त्याच्यावर. आपल्याकडे शहरात स्टॅम्प, निगमचा (म्हणजे महापालिकेचा) हिस्सा आणि नोंदणी फी सगळं मिळून साडेबारा टक्क्यांच्या आसपास जातं, म्हणजे ४० लाखांच्या घराला ५ लाख नुसते रजिस्ट्रीचे. हे पैसे लोन मध्ये येत नाहीत बरं का, ते आधी बाजूला काढा मग घर बघायला निघा. बाईच्या नावावर घेतलं तर नोंदणी फीत सवलत असते, त्या दिवशीचा दर स्लॉट घेताना सेवा प्रदात्याला विचारायचा (हा सेवा प्रदाता म्हणजे लायसन असलेला माणूस, रजिस्ट्री ऑनलाइन तयार करून देतो). ऑक्टोबर २०२४ पासून संपदा २.० ही ऑनलाइन रजिस्ट्रीची नवी पद्धत सुरू झालीय, त्यात आधार, फोटो, जागेचं लोकेशन सगळं घेतात. आणि सौदा ५० लाख किंवा वर असेल तर विकणाऱ्याला पूर्ण पैसे द्यायचे नाहीत, १ टक्का टीडीएस कापून सरकारला आपण भरायचा. ही जबाबदारी घेणाऱ्याची. आमच्या ओळखीच्या काकांना दोन वर्षांनी नोटीस आली तेव्हा कळलं.

नामांतरण म्हणजे फेरफार. रजिस्ट्री झाली की लोक पेढे वाटतात आणि नामांतरण विसरतात. इथे ते दोन जागी असतं, एक तहसीलच्या रेकॉर्डात आणि एक निगमच्या संपत्ती कराच्या खात्यात, निगमचं झालं म्हणजे तहसीलचं झालं असं नाही. आणि उलटं पण ध्यानात ठेवा, नुसतं नामांतरण झालेलं आहे म्हणून कोणी मालक होत नाही, कोर्टांनी हे कितीदा सांगितलंय, ते फक्त कर कोणाकडून घ्यायचा ह्याची नोंद. "देखो टॅक्स की रसीद मेरे नाम से है" असं कोणी म्हणालं तर म्हणावं, छान, आता रजिस्ट्री दाखवा.

सर्च रिपोर्ट वकील काढतो, साधारण ३० वर्षं मागे जाऊन घर कोणाकडून कोणाकडे आलं त्याची साखळी, मध्ये एक कडी जरी नसली, म्हणजे आजोबांकडून एकदम नातवाकडे आणि काका-आत्यांची सही कुठेच नाही, तर थांबा. आमच्या मराठी घरांत हेच जास्त दिसतं, वाडा आजोबांच्या नावावर, वाटणी तोंडी, आत्या नागपूरला, कोणाचंच हक्कत्यागपत्र नाही. हक्कत्याग, म्हणजे मी माझा हिस्सा सोडला, हे पण नोंदवायला लागतं, पोस्टकार्डावर लिहून चालत नाही. आमच्या वाड्याचं असंच झालं होतं, पण ती वेगळी कथा, त्यात नातेवाईक आहेत.

फ्लॅटचे शब्द, म्हणजे फूट नावाची गंमत

कार्पेट एरिया म्हणजे घराच्या आत वापरता येणारी जागा. रेराने ह्याची व्याख्या पक्की केली, आतल्या पार्टिशनच्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि मोकळी गच्ची नाही धरायची. बिल्टअप म्हणजे त्यात बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी. सुपर बिल्टअप म्हणजे त्याच्यावर जिना, लिफ्ट, लॉबी, क्लब हाऊस, वॉचमनची खोली सगळ्यातला तुमचा वाटा. सुपर बिल्टअपची कायद्यात व्याख्याच नाही, त्यामुळे त्यात काय काय घालायचं ते विकणारा ठरवतो.

आमच्या पहिल्या फ्लॅटचं सांगते. १२०० फूट म्हणून घेतला, ४००० चा रेट, ४८ लाख. पझेशन मिळाल्यावर मी आणि माझी लेक टेप घेऊन बसलो, खोली खोली मोजली, आलं ८४०. गेले कुठे ३६०? ऑफिसात विचारलं तर म्हणे मॅडम ३० टक्के लोडिंग आहे, सगळीकडे असतं. लोडिंग म्हणजे कार्पेटवर चढवलेले जादा फूट. आता बघा हं, ३६० ला १२०० ने भागलं तर ३० टक्के येतात. पण लोडिंग चढवतात कार्पेटवर, आणि ३६० ला ८४० ने भागलं तर येतात जवळजवळ ४३. आणि माझ्या पायाखालच्या फुटाचा खरा रेट पडला ५७१४. कोणी खोटं नाही बोललं, फक्त भागाकार आपल्या सोयीने केला. आता मी कोणालाही एकच सांगते, किंमत भागिले कार्पेट, तोच रेट, दोन बिल्डिंगची तुलना त्यानेच करायची. अॅग्रीमेंटमध्ये कार्पेट एरिया चौरस मीटरात लिहिलेला असतो, त्याला १०.७६४ ने गुणा.

रेराचे अजून दोन-तीन कामाचे नियम. नोंदवलेलं अॅग्रीमेंट केल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेऊ शकत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के त्याच प्रोजेक्टच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे, दुसऱ्या जमिनीत नाही टाकायचे. पझेशननंतर पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला आणि तुम्ही कळवला तर ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. स्लॅबमधून पाणी आलं तर बाथरूमवाल्या शेजाऱ्याशी भांडायच्या आधी पझेशनची तारीख बघा.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागतो, साधा असेल तर ५ टक्के आणि परवडणाऱ्या घरांत बसत असेल (४५ लाखांपर्यंत आणि आपल्यासारख्या शहरात कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत) तर १ टक्का. पूर्णता प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकलेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही. त्यामुळे "रेडी है" म्हणाले की तो कागद मागा, रंग लागलाय आणि लिफ्ट चालते म्हणजे रेडी नव्हे. हँडओव्हर हा शब्द दोन अर्थांनी येतो, एक तुम्हाला चावी देणं आणि दुसरा अख्खी कॉलनी निगमच्या ताब्यात देणं, दुसरा व्हायला कितीतरी वर्षं लागतात आणि तोवर रस्ता, दिवे, कचरा सगळ्याचा मेंटेनन्स कॉलनीवाल्यांच्या खिशातून. नर्मदा लाईन (निगमचं नळाचं पाणी) आहे का बोरिंग हे पण तेव्हाच विचारून घ्या, बोरिंगच्या पाण्याने गिझर आणि केस दोन्हीची वाट लागते.

लोनचे शब्द भराभर

एलटीव्ही म्हणजे घराच्या किमतीच्या किती टक्के बँक देऊ शकते, रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या लोनला जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८०, त्याच्यावर ७५. उरलेले म्हणजे मार्जिन, तुमच्या घरचे. सँक्शन म्हणजे मंजूर झालं, डिस्बर्समेंट म्हणजे पैसे सुटले, मधल्या काळात कागदावरून अडकू शकतं. बांधकाम चालू असताना हप्त्याहप्त्याने पैसे सुटतात तेव्हा फक्त व्याज जातं ते प्री-ईएमआय, त्याने मुद्दल एक रुपया कमी होत नाही. ३० लाख, ९ टक्के, २० वर्षं घेतलं तर ईएमआय जवळपास २७,००० आणि पहिल्या महिन्यात त्यातले २२,५०० व्याजाचे, हे मी माझ्या नवऱ्याला दाखवलं तेव्हा ते अर्धा तास बोलले नाहीत. फ्लोटिंग, म्हणजे वरखाली होणाऱ्या, रेटच्या लोनवर आधी पैसे भरले तर दंड लावता येत नाही, तेव्हा बोनस आला की मुद्दलात टाका. लोन फिटल्यावर बँकेने ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, नाही दिले तर दिवसाला ५००० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे.

बांधायला घेतलं की

नकाशा पास करणं म्हणजे निगमकडून भवन अनुज्ञा, ऑनलाइन असते, आर्किटेक्ट टाकतो. त्यात एफएआर, महाराष्ट्रात ज्याला एफएसआय म्हणतात तेच, प्लॉटच्या किती पट बांधता येईल. १५०० फुटाचा प्लॉट आणि समजा एफएआर १.५ तर सगळे मजले मिळून २२५०. ग्राउंड कव्हरेज म्हणजे जमिनीवर किती टक्के झाकायचं. एमओएस हा आपल्या इंदूरचा फार लाडका शब्द, पुढे-मागे-बाजूला सोडायची मोकळी जागा, जी कोणी सोडत नाही. सोडा हो. शेजाऱ्याने नाही सोडली म्हणून आपण पण नाही असं केलं की दोन्ही घरांच्या मधल्या खोल्या दिवसा दिवे लावून बसतात. कंपाउंडिंग म्हणजे परवानगीपेक्षा जास्त बांधलेलं पैसे भरून मर्यादेत नियमित करणं, पण एमओएसमध्ये काढलेली खोली कंपाउंड होईलच असं धरून चालू नका. १४० चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटला रेन वॉटर हार्वेस्टिंग लागतंच, आमचा १३९ चा निघाला तरी आम्ही केलं.

पाया. आपली माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते, हात जाईल एवढी भेग पडते, त्यामुळे काळ्या मातीत पाया ठेवत नाहीत, खाली मुरूम लागेपर्यंत खणतात. सॉइल टेस्ट करून एसबीसी काढतात म्हणजे जमीन किती वजन झेलेल, प्लॉटच्या खर्चात तो खर्च दिसत पण नाही. फूटिंग म्हणजे कॉलमच्या खालचं रुंद पाऊल, त्याच्याखाली पीसीसी, साधं सळईशिवायचं काँक्रीट. प्लिंथ म्हणजे जमिनीपासून घराच्या फरशीपर्यंतची उंची, पुढे रस्ता उंच होणार हे धरून ठेवा, निगम दरवेळी जुन्यावर नवा रस्ता टाकतं. प्लिंथच्या आत भरती मुरमाची पाहिजे. ठेकेदार खणलेली काळी माती परत आत ढकलतो, त्याचं उचलायचं भाडं वाचतं, आणि दोन पावसाळ्यांनी तुमच्या टाइल्स उचलतात. भरतीच्या दिवशी साइटवर खुर्ची टाकून बसा, मी बसले होते डबा घेऊन.

डीपीसी म्हणजे जमिनीतली ओल वर भिंतीत चढू नये म्हणून प्लिंथवर टाकलेला थर. लिंटेल दारं-खिडक्यांच्या वरची पट्टी, छज्जा खिडकीवरचा, पॅरापिट गच्चीची भिंत. हे सगळं बघून कळतं.

सरिया, म्हणजे सळई. एफई ५०० मधले ५०० म्हणजे ताकदीचा आकडा, पुढे डी असेल तर तो तुटायच्या आधी जास्त वाकतो, भूकंपाच्या दृष्टीने बरा. जाडी टेपने मोजून काही कळत नाही, वजन करा. मिलिमीटरचा वर्ग भागिले १६२, एवढे किलो एका मीटरला. १२ एमएमचा १२ मीटरचा सरिया साडेदहा किलोच्या वर, १०.६६ भरला पाहिजे, पाच टक्के इकडेतिकडे चालतो, त्यापेक्षा हलका तर परत.

एम-२० म्हणजे २८ दिवसांनी २० ची ताकद येईल असं काँक्रीट, साध्या मापाने एक सिमेंट, दीड रेती, तीन गिट्टी (खडी). इथे खरी गडबड पाण्यात होते. एका गोणीला ३० लिटरच्या आसपास पाणी पुरतं, मिस्तरीला पातळ माल पसरायला सोपा म्हणून तो पाइप लावून मोकळा होतो आणि ताकद तिथेच वाहून जाते. तगारीचं (घमेल्याचं) माप एकदा बघून घ्या, सिमेंटची तगारी सपाट आणि रेतीची शीग लावून हा जुना खेळ आहे. (पुण्याला रेती ब्रासने, म्हणजे १०० घनफूट. इथे ट्रॉलीने, आणि ट्रॉली ट्रॉलीत फरक, तेव्हा ट्रॉलीची लांबी-रुंदी-उंची मोजून घनफूट काढा, ट्रॉली रिकामी व्हायच्या आधी.)

कव्हर म्हणजे सरियाच्या बाहेर काँक्रीटचा जो थर राहतो तो, स्लॅबला २० एमएम, बीमला २५, कॉलमला ४०, फूटिंगला ५०. ह्यासाठी सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवतात, गिट्टीचे तुकडे नाही ठेवायचे. सेंटरिंग म्हणजे स्लॅबच्या खालच्या फळ्या आणि बल्ल्या. ती भाड्याची असते म्हणून काढायची घाई. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबच्या बल्ल्या कमीत कमी ७ दिवस, मोठ्याच्या १४, आमच्या इंजिनिअरने थंडी होती म्हणून सगळ्याच १४ ठेवायला लावल्या, ठेकेदार रोज तोंड पाडून यायचा. तराई म्हणजे क्युरिंग, कमीत कमी ७ दिवस, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर १०, स्लॅबवर क्यारे करून पाणी भरून ठेवायचं. दुपारी एकदा शिंपडलं म्हणजे तराई नाही.

आणि शेवटी ठेका. "विथ मटेरियल" किंवा "लेबर रेट", फुटावर. कसला फूट? आमच्या करारात लिहिलं होतं स्लॅब एरिया, दोन मजले अकराशे-अकराशे, २२०० होणार असं आम्ही धरून चाललो. बिल आलं २४३० चं. छज्जे धरले, बाल्कनी पूर्ण धरली, जिन्यावरचा स्लॅब, टाकीचा ओटा, सगळं. १५०० चा रेट होता, म्हणजे २३० फुटांचे तीन लाख पंचेचाळीस हजार. तीन दिवस भांडण झालं, मग इंजिनिअरला मध्ये बसवून नपती केली, नपती म्हणजे सगळ्यांसमोर टेप लावून मोजणं, बाल्कनी अर्धी धरली, छज्जे काढले, जिना राहू दिला. आता करारात ओळच लिहायची, काय पूर्ण, काय अर्धं, काय धरायचंच नाही, आणि एक्स्ट्रा आयटमचा रेट आधीच. त्याच करारात रिटेन्शन पण लिहा, पाच टक्के पैसे एक पावसाळा जाईपर्यंत आपल्याकडे. आमचे होते म्हणून बरं, जुलैत जिन्यावरच्या स्लॅबमधून पाणी आलं, ठेकेदाराला फोन केला तर दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस घेऊन दारात उभा, वॉटरप्रूफिंग परत करून दिलं. दसऱ्याला त्याचे पैसे दिले, पोहे-जलेबी खाऊन गेला.